पाऱ्याकडे बघत बसलेले केरूनाना

मार्च महिना, दुपारचे साडेतीन. ज्वारी काढून झालीय, कणसं खळ्यावर पडलीत, कडबा अजून वावरातच आहे. तेवढ्यात तुमच्या मोबाइलवर मेसेज टपकतो : येत्या तीन तासांत बीड जिल्ह्यात काही ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी वारे, विजा, गारपिटीची शक्यता. तुम्ही बाहेर येऊन बघता तर आभाळ लख्ख. आजोबा म्हणतात, काही होत नाही. बाबा म्हणतात, ताडपत्री काढा.

कोणाचं ऐकायचं?

२०१४ चा फेब्रुवारी-मार्च आठवत असेल तर घरात कुणी हा प्रश्न विचारणार नाही. त्या गारपिटीनं मराठवाड्यात हाताशी आलेला गहू, हरभरा, ज्वारी आडवी केली आणि फळबागा झोडपल्या. तेव्हा तुम्ही दुसरी-तिसरीत असाल. गारांचा ढीग बघून मजा वाटली असेल, आणि मोठी माणसं गप्प का बसलीत ते कळलं नसेल.

आज तो मेसेज कुठून येतो, यावर भरपूर रील सापडतील. सॅटेलाइट, रडार, सुपरकॉम्प्युटर वगैरे वगैरे. मला तुम्हाला त्याच्या खूप मागं न्यायचंय, एका मराठी पोराकडं. दोस्तांनो, त्याचं वय तेव्हा पंधरा. म्हणजे तुमच्यापैकी निम्म्यांहून लहान.

त्यांचं नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढं सगळा महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणू लागला. जन्म १८२५ चा, अलिबागजवळच्या नागावचा. नारळी-पोफळीचं, समुद्राकाठचं गाव. तिथून ते शिकायला मुंबईत आले आणि एल्फिन्स्टनच्या शाळेत ऑर्लेबार नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली पडले. ऑर्लेबार खगोल आणि गणित शिकवायचे, शिवाय कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही बघायचे. पोरगं गणितात तल्लख आहे हे त्यांनी हेरलं. १८४० मध्ये केरूनाना त्या वेधशाळेत सहायक म्हणून लागले. मुंबईत विद्यापीठ यायला अजून सतरा वर्षं होती, त्यामुळं डिग्रीचा प्रश्नच नव्हता.

आता ही वेधशाळा म्हणजे काय ते सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये ती उभी केली, ती मुख्यतः जहाजांसाठी. बंदरातल्या जहाजांना घड्याळ अचूक लावायला हवं, त्यासाठी ताऱ्यांचे वेध घ्यायचे. पुढं १८४० च्या आसपास युरोपातल्या शास्त्रज्ञांनी एक भन्नाट बेत आखला. पृथ्वीचं चुंबकत्व सगळीकडं एकाच वेळी मोजायचं. त्यासाठी जगभर वेधशाळा निवडल्या, आणि त्यात मुंबईही आली. चुंबकाच्या नोंदींबरोबर हवेचा दाब, तापमान, वारा, पाऊस यांच्याही नोंदी आल्या. त्याही कधीतरी नाही, तासातासाला. रात्री दोनला, तीनला, चारलासुद्धा. दिवा घ्यायचा, पाऱ्याची उंची बघायची, वहीत आकडा लिहायचा. पुढच्या तासाला पुन्हा तेच.

बोअर वाटतंय ना? थांबा, गंमत इथंच आहे.

आपल्याकडच्या हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, अगदी समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. पारा फार तर दोन-तीन मिलिमीटर हलतो. पण हे ठाऊक नसेल तर रोज दुपारी पारा उतरताना बघून माणूस ओरडेल, वादळ आलं, वादळ आलं! आणि खरं वादळ येताना जो दाब उतरतो, तो या रोजच्या उतारात लपून जाईल. म्हणून आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची, गेल्या वर्षीच्या याच दिवसांतल्या चारशी करायची. त्यासाठी आधी कुणीतरी वर्षानुवर्षं चारला उठून आकडा लिहिलेला असावा लागतो. केरूनाना आणि त्यांच्याबरोबरची माणसं नेमकं हेच करत होती.

(जाता जाता : तुमच्यापैकी काहींच्या फोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर आहे. बीडमध्ये तो साडेनऊशेच्या आसपास आकडा दाखवेल, आणि हवामानाचं अ‍ॅप मात्र हजाराच्या वर दाखवेल. फोन बिघडलेला नाही. बीड समुद्रापासून पाचशे मीटर उंचावर आहे, आणि अ‍ॅप तो फरक भरून काढून आकडा देतं. नाहीतर मुंबईची आणि बीडची तुलना कशी करणार? दोन-चार दिवस तासातासाला आकडा लिहून बघा. दुपारचा उतार स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.)

मग केरूनाना वादळाचा अंदाज सांगायचे का? नाही. सांगूच शकत नव्हते. अंदाजासाठी एका जागेचा आकडा पुरत नाही. रत्नागिरीत पारा घसरलाय, ही खबर वादळाच्या आधी मुंबईत पोचली तरच उपयोग. आणि १८४० मध्ये खबर जायची घोड्यावरून किंवा गलबतातून, म्हणजे वादळाच्या मागून. आधी तार यावी लागली. इंग्लंडमध्ये फिट्झरॉय नावाच्या आरमारी अधिकाऱ्यानं १८६१ मध्ये तारेनं गोळा केलेल्या आकड्यांवरून बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. डार्विनला जगभर फिरवणाऱ्या जहाजाचा कप्तान तो हाच. आपल्याकडं भारतीय हवामान खातं निघालं १८७५ मध्ये. तोवर केरूनाना पन्नाशीला आले होते आणि कुलाबा सोडूनही त्यांना पंचवीसेक वर्षं झाली होती.

कुलाब्याहून ते पुण्याला आले आणि मास्तर झाले. आधी मास्तरांना शिकवणारे मास्तर, पुढं डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. मराठीत अंकगणिताची, पदार्थविज्ञानाची पुस्तकं त्यांनी लिहिली. त्या काळी मराठीत या विषयांना धड शब्दही नव्हते. डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी तुम्हाला चांगलाच माहीत आहे. बाळ गंगाधर टिळक. टिळकांना गणिताचं आणि पंचांगाचं जे वेड होतं, त्याची मुळं या वर्गात सापडतात.

पंचांगाचा विषय निघालाच आहे तर तो भाग सांगायलाच हवा, कारण केरूनानांनी सगळ्यात जास्त विरोध सोसला तो इथं.

आपल्याकडं पावसाचा अंदाज कुठं बघायचा? पंचांगात. अजूनही मृग लागला की पहिला प्रश्न असतो, यंदा वाहन काय? बेडूक, म्हैस, हत्ती आले की मंडळी खूश. हे वाहन ठरतं कसं, माहितेय? सूर्य ज्या नक्षत्रात जातो तिथपासून त्या दिवशीच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊनं भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, तीन उरली तर बेडूक, काहीच नाही उरलं तर हत्ती. यात ना वारा येतो, ना दाब, ना ढग. आष्टीलाही तोच बेडूक, अंबाजोगाईलाही तोच आणि चेरापुंजीलाही तोच. आष्टी-पाटोद्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

केरूनानांची तक्रार मात्र याहून आधीची होती. वाहन राहू द्या बाजूला, पंचांगात लिहिल्याप्रमाणं ग्रह तरी आभाळात दिसतात का? दिसत नव्हते. गणिताची जुनी पुस्तकं शेकडो वर्षांपूर्वीची, साचत आलेली चूक आता डोळ्यांना कळण्याइतकी मोठी झालेली. कुलाब्यात दहा वर्षं दुर्बिणीशेजारी काढलेल्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक काढलं, युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारानं. पुढं १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या पाठिंब्यानं नवं पंचांगच सुरू केलं. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं जातं.

लोकांनी डोक्यावर घेतलं का? छे. केरूनानांनी राशीचक्राचा आरंभबिंदूच दुसरा धरला होता. त्यामुळं संक्रांती पुढंमागं होत होत्या, अधिक महिना वेगळा पडत होता. विचार करा, शेजारच्या घरात दिवाळी आणि तुमच्याकडं अजून महिना बाकी. कोण मान्य करणार? ग्रह बरोबर आहेत हे मानणारे पुष्कळ निघाले, पण सण बदलायला तयार असणारे अगदी थोडे. केरूनानांनी तरीही पंचांग बंद केलं नाही. मला विचाराल तर आरंभबिंदूच्या बाबतीत ते थोडे हट्टाला पेटले होते. ती एक गोष्ट लोकांच्या सोयीनं घेतली असती, तर बाकीची दुरुस्ती घराघरांत सहज गेली असती. असो. पुढं टिळकांनी पंचांगशुद्धीच्या चळवळीत हाच धागा उचलला.

आता पुन्हा हवामानाकडं. १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस दडी मारून बसला. पुढची दोन वर्षं जो दुष्काळ पडला, त्यात दक्षिण भारतात लाखो माणसं मेली. सोलापूर, नगर, विजापूर, इकडं निजामाचा मुलूख. त्या काळी आपलं बीड निजामाकडं होतं. माणसं गावं सोडून चालायला लागली. अशा वेळी अंदाज हा कुतूहलाचा विषय उरत नाही. पुढच्या साली पाऊस आहे की नाही, एवढं जरी आधी कळलं असतं, तरी धान्य कुठं साठवायचं आणि कुठं हलवायचं हे ठरवता आलं असतं.

त्या वेळच्या शास्त्रज्ञांना एक आशा दिसत होती, सूर्यावरच्या डागांची. हे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रानं वाढतात आणि कमी होतात. डाग कमी तेव्हा पाऊस कमी, असा काही संबंध असेल का? असला तर दुष्काळ अकरा-अकरा वर्षं आधी सांगता येईल! लंडन-मद्रासपासून मोठमोठी माणसं या प्रश्नामागं लागली होती, आणि पुण्यात केरूनानाही. डाग आणि हवामान यांचा संबंध हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय होता.

तो संबंध त्यांना सापडला नाही. नाही सापडला, कारण ज्या सरळ रूपात सगळे शोधत होते त्या रूपात तो नव्हताच. हे पक्कं व्हायला १९१५ साल उजाडलं. तेव्हा हवामान खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर, तेही मूळचे गणिती. त्यांनी जगभरचे आकडे डागांशी ताडून पाहिले आणि हाती फारसं काही लागलं नाही. पण तशीच ताडाताडी करत असताना त्यांना दुसरीच गोष्ट दिसली : प्रशांत महासागराकडं दाब वाढला की हिंदी महासागराकडं तो उतरतो, आणि उलटही. तुम्ही दर वर्षी जून आधी बातम्यांत ‘एल निनो’ ऐकता ना, त्यातला हवेचा अर्धा भाग हा. आणि तो सापडला कशात? दाबाच्या जुन्या नोंदींत. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी पारा बघून लिहून ठेवलेल्या आकड्यांत.

आपल्या मार्चच्या वादळाचं काय, असं म्हणाल. ते वेगळं प्रकरण आहे. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाबरोबर कोरडी, थंड हवा वरच्या थरात सरकते. खालून बंगालच्या उपसागराची ओली हवा येते, आणि दुपारी तापलेली जमीन तिला वर ढकलते. तासाभरात ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो. युरोपात थंड हवेची आघाडी येते ती शेकडो किलोमीटर लांबीची, नकाशावर रेघ मारून दाखवता येते. आपला ढग गेवराईत झोडपतो आणि माजलगावला ऊन असतं. म्हणून असा इशारा फक्त तीन तासांचा असतो, आणि त्यात ‘काही ठिकाणी’ हे शब्द असतात. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, ते आपल्या आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. वावरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असायला हवं. कडबा नंतर झाकता येतो, झाडाखाली मात्र थांबू नका.

केरूनानांना सरकारनं १८७७ मध्ये रावबहादूर केलं. त्यानंतर थोड्याच वर्षांनी ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी गेले. मॉन्सूनचा पहिला लांब पल्ल्याचा सरकारी अंदाज निघाला १८८६ मध्ये. दोन वर्षांनी चुकला म्हणायचा.

आणि कुलाब्याच्या त्या वेधशाळेचं काय झालं? मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांजवळ चुंबकाच्या नोंदी बिघडतात, म्हणून ती उपकरणं शहराबाहेर न्यायची ठरली. खूप शोधाशोध करून एक जागा पसंत पडली आणि १९०४ पासून तिथं नोंदी सुरू झाल्या, त्या आजही चालू आहेत. जागा अलिबागची. तिथून नागाव सायकलवर गेलात तर तासाच्या आत पोचाल.