चौदा रुपये आणि एक लंगडी गाय

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की होस्टेलवर एकच विषय असतो : कुणाला किती पॅकेज. पण हाताला काम मिळणं म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं ते बाबा आमटेंचं चरित्र वाचताना.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. घरी जमीनदारी. शिकार, मोटार, सिनेमा, सगळे शौक (सिनेमांची परीक्षणंसुद्धा लिहायचे!). पुढे वरोऱ्याला वकिली करू लागले. सफाई कामगारांचं काम कसं असतं ते कळावं म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी वाहिली. त्याच काळात एका पावसाळी रात्री तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना रस्त्याकडेला पडलेला दिसला. बोटं झडलेली, जखमांत किडे. कशालाच न भिणारा हा माणूस घाबरून घरी पळाला. त्या भीतीनेच त्यांना झोपू दिलं नाही. परत गेले, त्याची सेवा केली. तुळशीराम काही वाचला नाही.

१९४९ मध्ये बाबांनी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरचं शिक्षण घेतलं. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ माळावर विनोबांच्या हस्ते आनंदवन सुरू झालं. भांडवल काय? सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. सोबत साधनाताई आणि दोन लहान मुलं.

आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी इथे जरा थांबावं. कुष्ठरोगात नसा निकामी होतात. चटका बसला, काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून जखमा चिघळतात आणि बोटं जातात. डॅप्सोन आल्यावर जंतू मरायला लागले, पण वाकडी बोटं सरळ झाली नाहीत अन् गावानेही परत घेतलं नाही. बरा झालेला माणूस मग भीक मागणार, नाहीतर काय? बाबांना दान देऊन माणूस पोसणं मान्यच नव्हतं. त्यांनी याच लोकांना घेऊन विहिरी खणल्या, शेती उभी केली. पुढे हातमाग, पत्र्याचे डबे, सुतारकाम, छपाई आली. ज्याचा जो अवयव शाबूत, त्याला जमेल ते काम. एकाचे पाय, दुसऱ्याचे हात, असं जोडूनही कामं झाली.

भाजी भरपूर पिकली, पण सुरुवातीला वरोऱ्यात ती कुणी विकत घेईना! आणि १९६४ मध्ये त्याच वरोऱ्याच्या पोरांसाठी कॉलेज उघडलं ते आनंदवनाने, इमारत बांधली ती याच हातांनी. नंतर अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आल्या, अपंगांना धंदेशिक्षण देणारं संधीनिकेतन आलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हे काम मिळालं ते आनंदवनाच्या कुंपणात. बाहेरच्या कारखान्यांची दारं तशीच बंद राहिली. अपंगांसाठी नोकऱ्यांत ३ टक्के जागा ठेवणारा कायदा आला तो १९९५ मध्ये. २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के झाल्या आणि कुष्ठमुक्तांचाही त्यात समावेश झाला. पण तेही सरकारी नोकरीत. आपल्या जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या किंवा पाइपच्या कारखान्यात अशा माणसाला मशीनवर उभं करायचं तर हँडल कसं हवं, बसायची सोय कशी हवी, हे आपल्या कुठल्या विषयात शिकवतात? प्रोजेक्टला असा टॉपिक घेतलेला ग्रुप मी तरी अजून पाहिलेला नाही.

बाबा स्वतःही पुढे अपंगच झाले. मणक्याच्या आजाराने बसणं बंद झालं. उभं राहायचं, नाहीतर झोपायचं. तशात १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. तरुण सायकलींवर, बाबा गाडीत आडवे. त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. १९९० मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले. धरणात बुडणाऱ्या गावांत अक्राणी-अक्कलकुव्याकडची गावंही होती, आणि तो भाग १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच होता.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. त्यांना अग्नी दिला नाही. आनंदवनाच्या मातीतच पुरलं.