केशवदेव मालवीय : तेल लागल्यानंतरची गोष्ट



आपल्या भंडाऱ्यात शेतात बोअर मारताना तुम्ही कितीदा पाहिलं असेल. पाणी लागलं की सगळे आनंदतात. पण जाणता माणूस म्हणतो, थांबा, अजून केसिंग टाकायचंय, मोटर सोडायचीय. तेलाच्या विहिरीचंही तसंच असतं. केशवदेव मालवीय यांचं चरित्र मुलांना सांगताना मी इथूनच सुरुवात करतो.

मालवीयांचा जन्म १९०४ चा. त्यांनी कानपूरच्या तंत्रसंस्थेत शिक्षण घेतलं, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला आणि पुढे नेहरूंच्या सरकारात ते मंत्री झाले. आसाम सोडलं तर भारतात तेल मिळणं कठीण, असं परदेशी कंपन्यांचं मत होतं. मालवीयांना ते पटलं नाही. त्यांनी सोव्हिएत तज्ज्ञांची मदत घेतली. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला. १९५८ ला खंभातला आणि १९६० ला अंकलेश्वरला तेल लागलं. पण १९६३ मध्ये निवडणूक देणगीच्या वादात त्यांना राजीनामा द्यावा लागला. घडी बसत असतानाच माणूस बाहेर!

ते पुन्हा मंत्रिमंडळात आले १९७४ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या खोदकाम रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. तेच आपलं मुंबई हाय. उत्पादन मात्र सुरू झालं २१ मे १९७६ ला. मुलं हमखास विचारतात, सर, मधली दोन वर्षं काय केलं?

समुद्रात उत्पादनासाठी मंच उभारावे लागतात, हे एक. शिवाय प्रत्येक विहीर तयार करावी लागते. खोदलेल्या भोकात पोलादी केसिंग उतरवतात. केसिंग आणि खडक यांच्या मधल्या फटीत सिमेंट भरतात, म्हणजे वरच्या थरातलं पाणी तेलात येत नाही. पण मग तेलाचीही वाट बंद झाली की! म्हणून तेलाच्या थराइतक्या खोलीवर स्फोटकांची नळी सोडून केसिंगला आणि सिमेंटला आरपार छिद्रं पाडतात. चुनखडक असेल तर आम्ल सोडून वाट आणखी मोकळी करतात. आत तेल वर आणणारी बारीक नळी बसवतात, आणि तोंडावर झडपांचा जुडगा. त्याला म्हणतात ख्रिसमस ट्री. हे नाव ऐकून वर्ग हसतो, हसू द्या. ती झडप नीट बसली नाही तर दाबाखालचा वायू उसळतो आणि माणसं जातात, हेही त्यांना तेव्हाच सांगा.

आपल्या जिल्ह्यात तेल का नाही, हाही प्रश्न येतो. चिखला, डोंगरी बुजुर्गचे मँगनीजचे खडक फार जुने, उष्णतेने आणि दाबाने बदललेले. तेल सापडतं ते मुख्यतः गाळाच्या खडकात.

मुंबई हायचं तेल येऊ लागलं तेव्हा पेट्रोलियम खातं मालवीयांकडेच होतं. १९७७ ला ते सरकार गेलं, १९८१ मध्ये मालवीयही गेले. देहरादूनच्या तेलसंशोधन संस्थेला आज त्यांचं नाव आहे.