अर्धवट बरे झालेले डॉक्टर

ऑपरेशनपूर्वी डॉक्टर हातांत रबरी मोजे चढवतात, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हे मोजे आले ते मात्र जंतूंच्या भीतीने नव्हे. तिथे कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका होती. पारा असलेल्या जंतुनाशकाने तिच्या हातांची कातडी सोलवटली. शल्यविभागाच्या प्रमुखांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले आणि १८९० च्या जूनमध्ये तिच्याशी लग्नही केले! डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड यांची ही गोष्ट डॉक्टरमंडळी चवीने सांगतात. त्यांची दुसरी गोष्ट मात्र त्यांच्या मृत्यूनंतरही सत्तेचाळीस वर्षे कुलपात होती.

न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत व्यापारी घराण्यात १८५२ साली त्यांचा जन्म झाला. कॉलेजात फुटबॉल संघाचे कप्तान, पुढे डॉक्टर, मग युरोपात दोन वर्षे अभ्यास. हात चपळ आणि धाडस अफाट. १८८१ मध्ये बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन बहीण मरणाच्या दारात होती, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शिरेतले रक्त काढून तिला दिले. पुढच्याच वर्षी आईचे पित्ताशय पुवाने भरले. पहाटे दोन वाजता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलाने आईवर शस्त्रक्रिया केली. दोघी वाचल्या.

१८८४ च्या सप्टेंबरमध्ये युरोपातून बातमी आली की व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला. रोग्याला बेशुद्ध न करता शस्त्रक्रिया! कोकेनचे इंजेक्शन थेट मज्जातंतूपाशी दिले तर तेवढाच अवयव बधिर होईल, हे हॉलस्टेड यांनी ओळखले. आज दाढ काढताना दंतवैद्य जबडा बधिर करतात, त्याचे मूळ या प्रयोगांत आहे. प्रयोग करायचे कुणावर? अर्थात स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर. त्या काळी कोकेन दुकानात उघड मिळे आणि त्याची सवय जडते हे कुणाच्या ध्यानी आले नव्हते. १८८५ मध्ये त्यांनी या विषयावर एक लेख छापला. त्यातली वाक्ये इतकी गुंतलेली आणि भरकटलेली आहेत, की वाचणाऱ्याला विषयापेक्षा लेखकाची प्रकृतीच कळते.

डॉ. विल्यम वेल्च या मित्राने १८८६ च्या आरंभी त्यांना शिडाच्या जहाजातून दूर समुद्रावर नेले. उपयोग झाला नाही. त्या मे महिन्यात ते प्रॉव्हिडन्स गावातल्या बटलर या मनोरुग्णालयात दाखल झाले. नाव लिहिले नुसते विल्यम स्टुअर्ट, आडनाव गाळले. सात महिन्यांनी बाहेर आले, तेव्हा कोकेनची तलफ शमवण्यासाठी दिलेले मॉर्फिन अंगात मुरले होते. गंमत पाहा, दोनच वर्षांपूर्वी व्हिएन्नात तरुण सिग्मंड फ्रॉइड यांनी आपल्या मित्राचे मॉर्फिन सुटावे म्हणून त्याला कोकेन दिले होते. तो मित्र, फ्लाइश्ल, दोन्हींच्या कचाट्यात सापडून १८९१ मध्ये गेला. एका शहरात जे औषध, ते दुसऱ्या शहरात दुखणे! उपचार करणाऱ्यांची नियत खोटी नव्हती. पण रोगी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडला की आपले काम संपले, ही समजूत तेव्हापासूनची आहे आणि ती काही पुरती गेलेली नाही.

वेल्च यांनी तसे मानले नाही. बाल्टिमोरमध्ये त्यांनी मित्राला स्वतःच्या बिऱ्हाडी ठेवले आणि प्रयोगशाळेत जागा दिली. तिथे कुत्र्यांच्या आतड्यांवर काम करताना, टाका कोणत्या थरात पक्का बसतो, हे हॉलस्टेड यांनी शोधून काढले. १८८७ च्या एप्रिलमध्ये हार्वर्डला त्यावरचा निबंध वाचला आणि लगेच पुन्हा बटलरची पायरी चढले. या खेपेला नऊ महिने. अशा माणसाला परत कामावर कोण घेणार? वेल्च यांनी घेतले. आयुष्यभर बँकेत कर्जे मंजूर केलेल्या माझ्यासारख्याला इथे जामीनदार हाच शब्द सुचतो, आणि असा जामीनदार लाखात एखाद्यालाच लाभतो.

पुढची तीसहून अधिक वर्षे हॉलस्टेड यांनी जे काम केले, त्यावर आधुनिक शस्त्रक्रिया उभी आहे. हर्नियाची शस्त्रक्रिया, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच ठेवून वर्षानुवर्षे तयार करण्याची पद्धत, सारे त्यांचे. पण न्यूयॉर्कचे ते धडाडीचे, गप्पिष्ट डॉक्टर आता उरले नव्हते. बाल्टिमोरचे हॉलस्टेड अबोल होते, घाई न करता एकेक रक्तवाहिनी बांधत जाणारे. सदरे धुवायला पॅरिसला पाठवत. शस्त्रक्रिया कधी अचानक सहायकांवर सोपवत आणि उन्हाळ्यात महिनोन्‌महिने दिसत नसत. सारे म्हणत, लहरी माणूस!

त्यांचे सहकारी डॉ. विल्यम ऑस्लर यांनी मात्र एकदा त्यांना थंडी भरून थडथडताना पाहिले आणि ओळखले. रुग्णालयाच्या अंतर्गत इतिहासाच्या एका वहीत ऑस्लर यांनी लिहून ठेवले, की हॉलस्टेड यांना मॉर्फिन रोज तीन ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २०० मिलिग्रॅमच्या, खाली आणता आले नव्हते. पुढे १८९८ च्या सुमारास ते निम्म्यावर आले. ही वही त्यांनी कुलपात ठेवली.

कोकेनच्या प्रयोगांतले त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल आणि आणखी दोन सहायक व्यसनातून न सुटताच गेले. हॉलस्टेड तगले ते इच्छाशक्तीने, असे म्हणायचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. इच्छाशक्ती त्या तिघांकडेही असेल. हॉलस्टेड यांच्यापाशी पैसा होता, वेल्च होते, जबाबदारीचे काम होते, आणि डॉक्टर असल्यामुळे शुद्ध, मोजून घेता येणारे औषध हाताशी होते.

सामान्य माणसाला यातले काहीच नव्हते. डॉक्टरांनीच दुखण्यावर दिलेल्या मॉर्फिनने जखडलेली हजारो माणसे तेव्हा अमेरिकेत होती. १९१४ मध्ये हॅरिसन कायदा आला. १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की व्यसनी माणसाची नुसती गरज भागवण्यासाठी डॉक्टरने औषध लिहून देणे हा उपचारच नव्हे. मोजून मॉर्फिन देणारी सुमारे चाळीस शहरांतली केंद्रे काही वर्षांत बंद पडली आणि रोगी चोरट्या विक्रेत्यांच्या दारी गेले. त्याच सुमारास बाल्टिमोरमध्ये एक जगप्रसिद्ध प्राध्यापक बहुधा नेमके तेच करत होते, फक्त स्वतःसाठी आणि गुपचूप.

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये पित्ताच्या खड्यांच्या दुखण्याने हॉलस्टेड गेले. ज्या व्याधीतून त्यांनी आईला वाचवले, तिच्याच जातीची ही व्याधी. शस्त्रक्रिया त्यांच्या शिष्यांनी केली होती.

ऑस्लर यांची वही १९६९ मध्ये उघड झाली. त्याआधी चार वर्षे, १९६५ मध्ये, न्यूयॉर्कच्या डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या रोग्यांना रोज ठरलेल्या मात्रेत तोंडावाटे मेथाडोन देऊन पाहिल्याचे निष्कर्ष छापले होते. एका व्यसनाच्या जागी दुसरे, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि आजही होते. पण बटलरच्या मॉर्फिनमध्ये आणि यात फरक आहे. मेथाडोनचा अंमल दिवसभर टिकतो, मात्रा नजरेखाली राहते, आणि हेरॉइन व मेथाडोन मुळात एकाच जातीचे असल्याने तलफ शमते. कोकेनवर असे मान्यताप्राप्त औषध अजूनही नाही. ऑस्लर यांची वही उघडली गेली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हेरॉइन सोडू पाहणारी माणसे सकाळी केंद्राच्या खिडकीशी रांगेत उभी राहून, संत्र्याच्या रसातला आपला पेला पिऊन कामावर जात होती.