मुलाच्या सायकलसाठी टायर बनवणारा जनावरांचा डॉक्टर, ज्याचं नाव आपल्या बैलगाडीला चिकटलं

वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यापासून ते कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यापर्यंत, रबरी चाकांची बैलगाडी तुम्ही पाहिलीच असेल. बऱ्याच ठिकाणी तिला डनलॉप गाडीच म्हणतात. हा डनलॉप म्हणजे नुसती कंपनी नाही, तो खराखुरा माणूस होता. आणि गंमत म्हणजे गाड्यांशी त्याचा धंद्याचा काहीच संबंध नव्हता.

जॉन बॉईड डनलॉपचा जन्म 1840 चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्नचा. घर शेतकऱ्याचं. शिकून तो जनावरांचा डॉक्टर झाला आणि आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये त्यानं जोरात प्रॅक्टिस चालवली. 1887 मध्ये त्याचा लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा. चाकांना भरीव रबर, रस्ता दगडी. पोरगं हाडं खिळखिळी करून घरी यायचं.

मग डनलॉपनं पातळ रबराची नळी केली, ती लाकडी चकतीवर बसवली, वरून कापड गुंडाळलं आणि फुटबॉलच्या पंपानं हवा भरली. आता हे चांगलं की वाईट, ठरवायचं कसं? त्यानं अंगणात आधी सायकलचं जुनं चाक घरंगळत सोडलं, ते थोडं जाऊन आडवं झालं. नंतर हवेचं चाक सोडलं. ते थेट अंगणाच्या टोकाला जाऊन आपटलं आणि मागं उसळलं.

झाली टायरची टेस्ट! पण तिच्यातून एवढंच कळलं की हवेचं चाक कमी जोरात जास्त लांब जातं. वळणावर गाडी कशी वागेल, हे त्यातून कळत नाही. स्टेअरिंग फिरवलं की टायरचं तोंड एकीकडे असतं आणि गाडी जरा वेगळ्या दिशेनं जात असते. या दोन दिशांमधल्या कोनामुळं टायर गाडीला बाजूला ढकलतो. कोन वाढला की जोर वाढतो, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढं गाडी घसरते. ही हद्द वजन, हवा, झीज, ओला रस्ता यांनुसार बदलते. समृद्धी महामार्गावर 120 च्या स्पीडला गाडी कशी वळेल याचं कम्प्युटर मॉडेल करायचं, तर इंजिनिअरला हेच आकडे लागतात. टायरवर मात्र साईज, वजनाची मर्यादा, स्पीड असंच काही छापलेलं असतं. बाकीचं कंपन्या सहसा स्वतःकडेच ठेवतात. नाहीतर मग मशीनवर टायर फिरवून स्वतः मोजा, आणि ते काम महागडं.

डनलॉपलाही माहिती न मिळाल्याचा फटका बसला, आणि चांगलाच बसला.

1888 मध्ये त्यानं पेटंट घेतलं. 1889 मध्ये विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे जाडजूड टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला आणि जिंकला. हरलेल्यांमध्ये हार्वी ड्यू क्रॉस या डब्लिनच्या व्यावसायिकाची मुलं होती. बापानं वेळ न घालवता डनलॉपसोबत कंपनी काढली.

आणि मग कळलं की रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसानं हवेच्या टायरचं पेटंट 1845 मध्येच घेतलं होतं! त्यानं लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला असे टायर लावून चाचण्या केल्या होत्या. गाडी ओढायला किती जोर लागतो याचे आकडेसुद्धा छापून आले होते. पण तेव्हा सायकलींचं युग यायचं होतं. टायरला गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळं सगळं विस्मरणात गेलं. थॉमसन 1873 मध्ये वारला होता.

डनलॉपचं पेटंट बाद झालं. ड्यू क्रॉसनं रिम आणि व्हॉल्व्हची इतरांची पेटंटं विकत घेऊन धंदा वाचवला. डनलॉप काही वर्षांत बाजूला झाला. 1896 मध्ये कंपनी 30 लाख पौंडांना विकली गेली, पण त्यातला मोठा वाटा त्याच्याकडे आला नाही. पुढं तो डब्लिनमध्ये कापडाच्या धंद्यात होता. 1921 च्या ऑक्टोबरमध्ये तिथंच तो वारला, तेव्हा त्याचं नाव असलेले टायर मोटारींना लागत होते. बैलगाडीचा नंबर त्यानंतर आला.