एकवीस वर्षांची तोरू

वटपौर्णिमेला सावित्रीची कथा आपण सगळ्याच ऐकतो. ती कथा इंग्रजी कवितेत सांगितली तोरू दत्त या बंगाली मुलीने.

तोरूचा जन्म १८५६ चा, कोलकात्याचा. भाऊ अब्जू १८६५ मध्ये गेला. १८६९ मध्ये आईवडील तोरू आणि तिची मोठी बहीण अरू यांना घेऊन युरोपला गेले. फ्रान्समध्ये फ्रेंच शिकली, केंब्रिजला स्त्रियांसाठीची व्याख्यानं ऐकली. १८७३ मध्ये सगळे परतले आणि पुढच्याच वर्षी अरू क्षयाने गेली. घर सुनं झालं. पण तोरूने लेखणी सोडली नाही. वडिलांबरोबर ती संस्कृत शिकू लागली. १८७६ मध्ये फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचं तिचं पुस्तक भवानीपूरला छापलं गेलं. त्यात अरूचे आठ अनुवादही तिने आठवणीने घातले.

३० ऑगस्ट १८७७ ला क्षयानेच तीही गेली. वय अवघं एकवीस! तिच्या कागदांत वडिलांना फ्रेंच कादंबरी सापडली. ती १८७९ मध्ये पॅरिसला निघाली, सावित्रीची कविता १८८२ मध्ये लंडनला.

मैत्रिणींनो, वडिलांनी ते कागद जपले म्हणून तोरू आपल्याला कळली. लेकीच्या वह्या रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघूया ना!