पंचानन कर्मकारांचे ठसे

विल्यम केरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, हे आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. छापलं बंगालमधल्या श्रीरामपूरला (नगर जिल्ह्यातल्या नव्हे). पण छापायला देवनागरी खिळे कुठून आले, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलाच नव्हता. पडला तेव्हा पंचानन कर्मकार भेटले.

हे हुगळीकाठच्या त्रिवेणीचे. कर्मकार म्हणजे लोहार. तांब्याचे पत्रे, भांडी, शस्त्रं यांवर अक्षरं नि नक्षी कोरायचं काम घराण्यात चालत आलेलं. कंपनी सरकारच्या नोकरीतल्या चार्ल्स विल्किन्सना हॅल्हेड यांच्या बंगाली व्याकरणासाठी खिळे पाडायचे होते. त्यांनी पंचाननांना हाताशी घेतलं आणि १७७८ साली हुगळीला पुस्तक निघालं. प्रस्तावनेत हॅल्हेडसाहेबांनी कोरणारा, ओतणारा, छापणारा असा सगळा मान एकट्या विल्किन्सना दिला. पंचाननांचं नाव नाही. विल्किन्स कर्तबगार होते यात वाद नाही. पण ठसा कोरणं म्हणजे काय हे कळल्यावर मला त्या प्रस्तावनेचा रागच आला.

कारण काम असं असतं. बोटभर पोलादी कांडी घ्यायची आणि तिच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. आधी अक्षराच्या पोटातली पोकळी, मग बाहेरची कड कानशीने घासत आणायची. मध्येच टोक दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी चढवायची, कागदावर दाबायचं, उमटलेलं अक्षर बघायचं, की पुन्हा कानस. केसभर जास्त घासलं गेलं तर भर घालता येत नाही, नवी कांडी घ्यावी लागते. मनासारखं झालं की लाल तापवून पाणी द्यायचं, मग बेताची ऊब देऊन ठिसूळपणा काढायचा. हा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की मातृका तयार. ती साच्यात बसवून शिसं, अँटिमनी आणि कथलाचा रस ओतला की खिळा. ठसा उलटा, मातृका सुलटी, खिळा परत उलटा, कागदावर सुलटं! मी साबणाच्या वडीवर उलटा ‘क’ कोरून पाहिला. तिसऱ्या वडीला आई ओरडली.

केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८०० साली श्रीरामपूरला छापखाना घातला, तेव्हा पंचानन तिथे गेले. पुढच्याच वर्षी बंगाली नवा करार बाहेर पडला. मग देवनागरी. इथे नुसत्या मुळाक्षरांनी भागत नाही. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून सातशेच्या आसपास ठसे लागणार होते, आणि प्रत्येक वेगळा कोरायचा. मला वाटतं, त्यांच्या खऱ्या कष्टांचं मोजमाप हेच. त्यांनी जावई मनोहर यांनाही तयार केलं. पंचानन १८०४ च्या सुमारास वारले. मराठी व्याकरण निघालं ते त्यांच्यामागे. रोजचं मराठी लिखाण तेव्हा मोडीत चाले, म्हणून १८१० च्या मराठी कोशासाठी छापखान्यात मोडीचेही खिळे पडले. मनोहर पुढे चाळीसएक वर्षं हेच काम करत राहिले, अगदी चिनी अक्षरंसुद्धा.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद गेला, केरींची कितीतरी हस्तलिखितं गेली, जुळवून ठेवलेले खिळे वितळून शिशाचे गोळे झाले. राख उपसताना पोलादी ठसे आणि मातृका मात्र शाबूत सापडल्या. मग तेच शिसं पुन्हा भट्टीवर चढवलं आणि ओतारी रात्रंदिवस नवे खिळे पाडू लागले.