उजाड रानाचे प्राध्यापक

भूगोलाच्या तासाला आपण ‘प्रेअरी’ हा शब्द पाठ करतो, परीक्षेत लिहितो व विसरतो. ही गवताळ राने पुन्हा उभी करू पाहणारे आल्डो लिओपोल्ड मात्र माझ्या मनातून जात नाहीत.

त्यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. तिथले पुरुषभर उंचीचे गवत तोवर बहुतेक नांगराखाली गेले होते. आज त्यातला हजारातला एक भागही धड उरलेला नाही. येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये ते सरकारी वनखात्यात लागले आणि ॲरिझोनात गेले. लांडगे मारले की हरणे वाढतील, शिकाऱ्यांची चैन होईल, असा तेव्हाचा समज होता. त्यांनीही एका लांडगीवर गोळ्या झाडल्या आणि तिच्या डोळ्यांतले तेज विझताना पाहिले. पुढे हरणे बेसुमार वाढली व त्यांनी डोंगर खाऊन उघडे केले. ही चूक लिओपोल्ड यांनी १९४४ साली स्वतः लिहून कबूल केली. एवढे मोठे मन किती विद्वानांजवळ असते?

१९३३ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यप्राणी-व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. मॅडिसनला विद्यापीठाच्या जुन्या शेतजमिनीवर पुन्हा प्रेअरी उभी करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. मंदीच्या काळात सरकारी छावणीतल्या बेकार तरुणांनी १९३५ पासून गवताचे ठोंब मातीसकट आणून तेथे लावले. आमच्या घरी गवत उपटण्यातच उन्हाळे-पावसाळे गेले. गवत मुद्दाम लावतात हे वाचून आईला हसू आले.

त्याच वर्षी त्यांनी नदीकाठी एक कस गेलेले शेत विकत घेतले. तेथे कोंबड्यांचे एक खुराडे तेवढे उभे होते. तेच साफसूफ करून पती-पत्नी व पाच मुले सुट्टीला तेथे राहू लागली. लावलेली पाइनची रोपे पहिल्या दुष्काळात बहुतेक जळाली. पुढच्या वसंतात त्यांनी पुन्हा लावली, आणि मग दरवर्षी लावीत गेले.

प्रेअरीला अधूनमधून आग लागते. वरचे वाळलेले जळते, खोल मुळे जगतात, झुडपे मात्र माजत नाहीत. म्हणून मॅडिसनच्या त्या रानात पुढे ठरवून आग लावू लागले. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या गवताला लागलेली आग विझवतानाच लिओपोल्ड यांचे हृदय थांबले. त्यांचे निबंधांचे पुस्तक छापण्याचे प्रकाशकाने आठवड्यापूर्वीच मान्य केले होते. ते १९४९ साली निघाले.